अकरा ग्रॅम बेदाणा

सुकुमार तवनाप्पा मगदूम याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, पकडलेली आणि अजून न पकडलेली. स्वतःला तो तिसऱ्या प्रकारात धरत असे. त्या प्रकारात आणखी कुणी असेल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

सांगलीत विश्रामबागेजवळ 'भरपूर बाजार' नावाचं तीन मजली दुकान होतं आणि सुकुमार तिथला हानी-नियंत्रण अधिकारी होता. साध्या मराठीत राखणदार. पण राखणदाराला कुणी टाय बांधायला लावत नाही, आणि सुकुमारला टाय फार प्रिय होता. दुकानातले गल्ले जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आठ यंत्रं उभी होती. गिऱ्हाइकानं माल स्वतः उचलायचा, स्वतः यंत्राला दाखवायचा, स्वतः पिशवीत भरायचा आणि स्वतःच पैसे चुकते करून निघायचं. लोकांकडून फुकट हमाली करून घ्यायची आणि वर त्यांच्यावरच चोर म्हणून डोळा ठेवायचा, या धंद्याला कंपनी 'सुलभ खरेदी' म्हणत असे.

सुरुवातीची यंत्रं भोळी होती. पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनाची पाटी असे. दाखवलेल्या मालाचं वजन आणि पाटीवरचं वजन जुळलं नाही की यंत्र कुरकुरायचं. लोकांनी आठवड्यात तोड काढली. बदाम पाटीवर ठेवायचे आणि पडद्यावर बटाट्याचं चित्र दाबायचं. वजन बरोबर, भाव बटाट्याचा. मग डोक्यावर कॅमेरा आला, त्याला बदाम आणि बटाटा यांतला फरक कळू लागला. लोकांनी बदाम कोथिंबिरीच्या जुडीत घातले.

म्हणून कंपनीनं 'दक्ष' आणला. दक्ष मालाकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघायचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची बारीक लाट येते आणि कातडीचा रंग केसभर बदलतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतं. नाडी धरायला हात लावावा लागत नाही, दोन हात लांबून ती मोजता येते. खाई त्याला खवखवे असं आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. कंपनीनं ती खवखव मोजायचं यंत्र काढलं, इतकंच.

पण खरी हुशारी पुढेच होती. चोर पकडणं महाग पडतं. आरडाओरडा होतो, पोलीस येतात, व्हिडिओ पसरतात. त्यापेक्षा चोरानं माल आपण होऊन परत ठेवला तर फुकटात भागतं. आधी पडद्यावर पोलिसाचं चित्र दाखवून पाहिलं, तर लोक हसले. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडचा माणूस पोलिसाला भीत नाही, घरच्याला भितो. तेलावर पाच टक्के सूट मिळते म्हणून अर्ध्या सांगलीनं 'परिवार कार्ड' काढलं होतं आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो हौसेनं भरले होते. दर खरेदीनंतर पडद्यावर 'धन्यवाद' म्हणत ते फोटो एकेक करून झळकत. गिऱ्हाइकाला वाटे, वा, काय आपुलकी! दक्ष तेवढ्यात मोजून घ्यायचा की कुणाचा चेहरा दिसला की याचं रक्त उसळतं. त्या चेहऱ्याला कंपनीच्या कागदात 'वचकाचा चेहरा' असं नाव होतं. पुढे कधी संशय आला की तोच चेहरा पडदाभर उमटायचा आणि खाली नम्रपणे प्रश्न यायचा, 'आपण काही विसरलात का?'

पहिल्याच महिन्यात भूगोलाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पिस्त्याचं पाकीट वर्तमानपत्राच्या घडीत घातलं. पडद्यावर त्यांची सून उमटली. सर असे काही दचकले की पिस्ते, वर्तमानपत्र आणि स्वतःचा चष्मा, तिन्ही काउंटरवर ठेवून निघाले. आत पडद्यांच्या खोलीत सुकुमारनं मांडीवर थाप मारली.

"बघितलंस नसीमा? आयुष्यभर पोरांना नीतीचे धडे दिले असतील यानं."

नसीमा मुजावर मिरजेहून यायची. हातात एक छोटं यंत्र घेऊन त्या आठ यंत्रांमध्ये फिरायचं आणि अडलेल्याला मदत करायची हे तिचं काम. ती म्हणाली, "चष्मा द्यायला जाते सर, म्हातारं पडंल कुठंतरी."

"जा. आणि येताना हात दाखव."

कामावरच्या माणसांचे हात आणि खिसे तो दिवसातून दोनदा तपासायचा. नसीमा हात उलटसुलट करून दाखवायची आणि जायची.

यंत्रानं माणसाला चोर ठरवायचं नाही, ते माणसानंच ठरवायचं, असा सरकारी दंडक होता. म्हणून सुकुमारच्या टेबलावर दोन बटणं होती, 'चूक' आणि 'चोरी'. चूक दाबलं की लाल दिवा विझायचा आणि प्रकरण मिटायचं. चोरी दाबलं की त्या माणसाचा चेहरा सामाईक यादीत जायचा आणि जिथं जिथं दक्ष बसवला होता तिथलं दार नव्वद दिवस त्याला उघडायचं नाही. वाणसामान, औषधं, चपला, सगळीकडे. सुकुमारनं वर्षभरात चूक हे बटण फक्त धूळ पुसताना दाबलं होतं.

एकदा कवलापूरची एक म्हातारी अडकली. तिनं चार शेंगदाणे तोंडात टाकले होते. नसीमा धावत आत आली.

"सर, चूक दाबा की. दाणं खवट हायत का बघत हुती ती. तोंडात घातल्याबिगर कसं कळणार?"

"नसीमा, नियम सगळ्यांना सारखा," सुकुमार खोलीत पडदे बघत बसलेल्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "उद्या माझा बाप आला तरी चोरी म्हणजे चोरी." आणि त्यानं बटण दाबलं.

आता हे चाखण्याचं प्रकरण यंत्राच्या डोक्यात आलं कुठून, तेही सांगायला हवं. दक्ष परमुलखात तयार झाला होता. इथं बसवण्याआधी कंपनीच्या इंजिनिअरांनी प्रत्येक गावातल्या अधिकाऱ्याला एक प्रश्नावली पाठवली होती, म्हणजे गावच्या रीतिभाती यंत्राला शिकवता येतील. त्यात एक ओळ होती : 'सुटा माल खरेदीपूर्वी चाखणे – रूढी की चोरी?' सांगलीसारख्या गावात हा प्रश्न शेंबड्या पोरालाही सुटला असता. गूळ कोपरा मोडून बघतात, ज्वारीचा दाणा दाताखाली फोडतात, आणि बेदाण्याचा तर अख्खा सौदाच जिभेवर चालतो. सुकुमारनं 'चोरी'वर खूण केली. विचार करायलाही थांबला नाही.

कारण त्याचे वडील. तवनाप्पा मगदूम यांनी मार्केट यार्डात बेचाळीस वर्षं बेदाण्याची पारख केली होती. स्वतःचं अडतीचं दुकान कधी झालं नाही, पण पाच अडत्यांचा माल त्यांच्या जिभेवर विकला जाई. ताटातून चार बेदाणे उचलायचे, दोन चावायचे, एक थुंकायचा, एक खिशात टाकायचा. मग बाग कुठल्या गावची, पाऊस लागला होता का, गंधकाची धुरी किती बसली, सगळं सांगायचं. 'आप्पांनी चाखलंय' म्हटलं की मद्रासचा व्यापारी पोतं उघडूनही बघत नसे. त्या माणसानं तरुणपणीच चोरी न करण्याचं व्रत घेतलं होतं आणि रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा तीन दिवस मालक शोधत हिंडवली होती.

सुकुमारला आठवायचे ते मात्र फक्त चिकट खिसे. वडिलांच्या सदऱ्याला मुंग्या लागायच्या आणि शाळेत त्याला 'बेदाण्या' म्हणायचे. बापाच्या जिभेवर शिकला, बापाच्या जिभेवर टाय घेतला, आणि बापाच्या जिभेचीच त्याला लाज वाटायची. अशी माणसं असतात, आणि त्यांची बढतीही होते. सुकुमारचं नाव पुण्याच्या जागेसाठी वर गेलंच होतं.

घरी जेवताना एकदा तो म्हणाला होता, "आप्पा, लोकांच्या दुकानात असं उचलून तोंडात घालायचं नसतं. जमाना बदललाय."

आप्पांचं जेवण दिवस मावळायच्या आत झालेलं असे. ते नुसते शेजारी बसले होते. "चाखल्याबिगर माल घ्यायचा म्हणजे बघितल्याबिगर सोयरीक करायची की रं," ते म्हणाले. त्यावर त्रिशला, सुकुमारची बायको, तोंडाला पदर लावून हसली आणि सुकुमारचं जेवण कडू झालं.

गुरुवारी सकाळी अकराला आप्पा दुकानात आले. याआधी ते त्रिशलेबरोबर तेल न्यायला येत, आज एकटेच होते. त्रिशलेला शिऱ्यात घालायला बेदाणा हवा होता. सुकुमारला ते पडद्यावर दिसले तेव्हा तो घाबरला नाही, चिडला. आप्पा सुट्या मालाच्या, खाली वजनाची पाटी असलेल्या डब्यांपाशी गेले, धोतराचा सोगा आवरला आणि यार्डात करायचे तेच केलं. हिरव्या बेदाण्याचे चार उचलले, दोन चावले, एक रुमालात थुंकला, एक खिशात टाकला. मग पिवळा. मग काळा. शेवटी नाक मुरडून त्यांनी त्यातल्या त्यात बरा असा पाव किलो पिवळा घेतला, तीन नंबरच्या यंत्रासमोर आले आणि नसीमाच्या मदतीनं माल दाखवला.

दिवा लाल झाला. 'न दाखवलेला माल : ११ ग्रॅम.' यंत्रानं क्षणभर हिशेब केला आणि पडदाभर वचकाचा चेहरा उमटला. टाय लावलेला सुकुमार.

"आरं, सुकू!" आप्पांचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला. पाच यंत्रांवरची माणसं वळली. "बरं झालं गावलास. काय करालायस आत बसून? ह्यो बेदाणा कुणी घेतला रं? फसवलंय तुमास्नी. गंधकाची धुरी निम्म्यानं जास्त हाय. ल्हान पोरं खोकतील खाऊन. तुझ्या सायबाला सांग, आप्पा मगदूम म्हणालाय म्हणावं."

पडद्यावरचा सुकुमार अर्थातच काही बोलला नाही. तो फोटो होता. आप्पा त्याच्याकडे बघून कौतुकानं हसत उभे राहिले, मुलगा कामात आहे म्हणून थांबल्यासारखे.

आतल्या खोलीत आलेख सरसर चढला होता. कोपऱ्यात अक्षरं आली : 'वचक – एक्क्याण्णव टक्के.' सुकुमारला प्रशिक्षणातल्या इंजिनिअरचं बोलणं आठवलं. कुणीतरी विचारलं होतं, यंत्राला लाज कशी कळते? तो म्हणाला होता, "लाज नाही कळत हो. रक्त चढलेलं कळतं. भीतीनं चढलं की मायेनं, ते त्याला काय ठाऊक!" आणि सगळे हसले होते.

यंत्राला कळलं नाही, ते ठीक. सुकुमारला कळलं होतं. समोर म्हातारा आनंदानं लालबुंद झाला होता, यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

टेबलावर सूचना आली : 'ही व्यक्ती आपल्या परिवार कार्डावर आहे. निर्णय दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवायचा?' होय म्हटलं असतं तर निर्णय नसीमाच्या हातातल्या यंत्रावर गेला असता, तिनं डोळे मिटून चूक दाबलं असतं आणि म्हातारा बेदाणे घेऊन घरी गेला असता. पण खोलीतले दोघे जण सुकुमारकडे बघत होते. माझा बाप आला तरी, हे वाक्य त्यानं त्यांच्यासमोरच टाकलं होतं. शिवाय पुण्याची जागा. ही दोन कारणं त्यानं पुढे स्वतःला बऱ्याच वेळा सांगितली. तिसरं सांगितलं नाही, आणि खरं तेच होतं. एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्यानं, त्याला सुकू म्हटलं होतं.

त्यानं 'नाही' दाबलं. मग 'चोरी' दाबलं.

तीन नंबरच्या यंत्रातून पावती निघाली. नसीमानं ती वाचली, खोलीच्या काळ्या काचेकडे एकदा बघितलं आणि आप्पांना म्हणाली, "आप्पा, यंत्र बिघडलंय. चला, तुम्हाला रिक्षात बसवते." पावती तिनं मुठीत चुरगळली होती, पण आप्पांनी हात पुढे केला. बेचाळीस वर्षांत त्यांनी यार्डातली एक चिठ्ठी कधी टाकली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आप्पा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दार उघडेना. आतून गोड आवाजात बाई म्हणाली, "क्षमस्व, आपला प्रवेश सध्या स्थगित आहे." आप्पांना वाटलं दार अडकलंय. त्यांनी ते ढकललं. बाईनं क्षमा पुन्हा मागितली, जरा मोठ्यानं. मागे ओळखीची चार माणसं उभी होती. त्यातल्या एकानं गोळ्या आणून दिल्या, पण देताना त्यानं आप्पांकडे पाहिलं नाही.

सुकुमार बूट घालत होता तेव्हा ते परत आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"सुकू, काल त्या पडद्यावर तू हुतास. मला बघत हुतास व्हय?"

"नाही हो आप्पा. तो नुसता फोटो. आपोआप येतो."

"आणि ते यादीत नाव घालतंय ते?"

"तेही यंत्रच करतं. आपोआप. आमच्या हातात काही नसतं." त्यानं बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधली. "मी बघतो काय करता येतं का."

"बरं," आप्पा म्हणाले आणि देवळाला गेले.

त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ओट्यावरच्या डब्याखालून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. चुरगळून पुन्हा सपाट केलेली पावती. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं : 'खातरजमा करणारे अधिकारी – सु. त. मगदूम.'

"काल दुपारीच वाचलीय त्यांनी, भिंग लावून," ती म्हणाली. "तरी आज विचारलं. तुम्हाला एक संधी दिली हो त्यांनी, आणि तुम्ही तीपण चोरलीत."

"नियम म्हणजे नियम असतो, त्रिशला."

"मग तसं सांगायचं त्यांना. आपोआप कशाला म्हणालात?"

सुकुमार उशीर झाल्याचं सांगून निघाला. संध्याकाळी पुण्याहून पत्र आलं. निर्णयातील निःपक्षपातीपणाबद्दल कंपनीनं त्याचं अभिनंदन केलं होतं आणि विभागीय जागा त्याला दिली होती. ते पत्र त्यानं घरी कुणाला दाखवलं नाही.

शनिवारी अकरालाच आप्पा पुन्हा दुकानाच्या दाराशी उभे राहिले. दारानं त्यांना ओळखलं, लाल झालं आणि क्षमा मागितली. यावेळी त्यांनी ढकललं नाही. काचेतून नसीमाला खूण केली. ती बाहेर गेली. सुकुमारला पडद्यावर दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. आप्पांनी कमरेची चंची सोडून कापडाची एक लहानशी पुरचुंडी तिच्या हातावर ठेवली, काहीतरी सांगितलं, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नसीमा आत आली. पुरचुंडी कुठं द्यायची हे तिला कळेना. माल घरी नेण्यासाठी या दुकानात आठ जागा होत्या, परत घेण्यासाठी एकही नव्हती. तिनं ती तीन नंबरच्या पाटीवर ठेवली.

यंत्र किंचाळलं. 'अनपेक्षित वस्तू. कृपया वस्तू काढा.' ते थांबेना. लोक कानांवर हात ठेवू लागले तेव्हा सुकुमारला बाहेर यावंच लागलं.

"काय आहे हे?"

"अकरा ग्रॅम बेदाणा हाय," नसीमा म्हणाली. "सोनाराकडून तोलून आणलाय म्हणाले. दुकानाच्या मालापेक्षा बरा हाय, त्यामुळं तुमचं नुकसान न्हाई, असं सांगायला सांगितलंय."

"आणि?"

"आणि काय न्हाई. तुमाला काय निरोप न्हाई सर."

पुरचुंडी उघडी होती. लांब, हिरवट, बोटाला न चिकटणारा माल. असा बेदाणा बाजारात येत नाही. तो बागायतदार पारख्याच्या घरी आपण होऊन आणून देतो. सुकुमारचा हात गेला तो त्याच्या मनात नसताना गेला. जित्याची खोड म्हणतात ती अशी, आणि ती बापाची होती. त्यानं एक बेदाणा तोंडात टाकला. दाताखाली फुटताच त्याला कळलं, बाग पळशी गावची, पाऊस न लागलेली, धुरी अगदी बेताची. वीस वर्षांत त्यानं बेदाणा तोंडात घातला नव्हता, तरी जिभेला सगळं येत होतं.

पाटीवरचं वजन उतरलं. वरच्या कॅमेऱ्यानं हात तोंडाकडे गेलेला बघितला. 'न दाखवलेला माल : १ ग्रॅम.' दिवा लाल झाला, आणि पडद्यावर आप्पा उमटले. लग्नातला फोटो होता तो, फेटा बांधलेला, सुकुमारच्या खांद्यावर हात ठेवलेला. त्रिशलेनं कार्डासाठी त्यातले एकटे आप्पा कापून घातले होते, त्यामुळं हात होता आणि खांदा नव्हता. खाली लिहिलं होतं, 'आपण काही विसरलात का?'

सुकुमारनं दाराकडे बघितलं. काचेपलीकडे कुणी नव्हतं. आप्पा काय होतंय ते बघायला थांबलेच नव्हते.

रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. अधिकारीच अडकल्यामुळं निर्णय यंत्रानं आपल्या नियमानुसार दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवला होता. नसीमाच्या हातातल्या यंत्रावर ती दोन बटणं लागली होती. सुकुमारच्या तोंडात तो बेदाणा अजून होता. गिळताही येईना आणि थुंकताही.

"चोरी दाब," तो म्हणाला.

"मघाच दाबलंय," नसीमा म्हणाली. "हात दाखवा सर."